अकराशे त्रेचाळीसचं ॲव्हरेज

शिरूर तालुक्यातले एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि फिनलंडमधले एक विद्यापीठ यांच्यात इंधनबचतीबाबत सामंजस्य करार झाला. त्यानुसार दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून अडतीस किलो वजनाची, एका माणसाची गाडी बनवली. चाचणीत ती लिटरला दोनशे किलोमीटर गेली तर आंतरराष्ट्रीय स्पर्धेला, नाहीतर भंगारात. कवठे येमाईची सोनम सर्वांत हलकी, म्हणून चालक तीच. दोन महिने तिने पुरणपोळीकडे नुसते पाहिले होते.

चाचणीच्या सकाळी संस्थेचे अध्यक्ष पोपटराव सतरा गाड्या घेऊन इंधनबचतीला पाठिंबा द्यायला आले.

"हिच्यावर विश्वस्तांची नावं कुठं हायेत?"

"आबा, वजन वाढंल," सोनम म्हणाली.

"अकरा विश्वस्त हायेत. नावं न्हाई लावली तर संस्था फुटंल."

सहा किलोची पितळी पाटी बसवण्यात आली. पाटी आली म्हणजे उद्घाटन आले आणि उद्घाटन करायचे तर गाडी उद्घाटकानेच चालवायला हवी, असे ठरले.

"आबा, यात एकच माणूस बसतो."

"ठाऊक हाय. म्हणून तर तुला उतर म्हणतोय."

फिनलंडहून आलेल्या आइनो या विद्यार्थिनीने नियमावली चाळली. चालकाचे किमान वजन दिले होते, कमाल नव्हते. अध्यक्ष ही शक्यता तिकडे कोणाच्या ध्यानातच आली नव्हती.

एकशे आठ किलोंचे पोपटराव आत शिरले आणि रुतले. पाऊण किलोमीटरवर, चढाला गाडी थांबली. त्यांना बाहेर काढता येईना. मागेही नेता येईना, कारण सत्कार अंतिम रेषेवर होता. शेवटी कडक इस्त्रीतल्या विश्वस्तांनी उरलेले सव्वातीन किलोमीटर गाडी ढकलली.

आइनोने इंधन मोजले. चार किलोमीटरला साडेतीन मिलीलिटर. म्हणजे लिटरला अकराशे त्रेचाळीस! टाळ्या थांबेनात.

"आबा, पर ही ढकलत आणलीय."

"ढकलली म्हणू नगंस, पोरी. सहकारी तत्त्वावर चालली म्हण. आन् इथं चालक म्हणून सही कर."

सोनमने कागद पाहिला. एका सहीत स्पर्धा पक्की होती.

"मी चालवलीच न्हाई, तर सही कशाची करू?" म्हणत तिने पेन परत दिले.

विश्वस्तांनी ओढून काढलेल्या पोपटरावांचा सत्कार सुरू झाला, तशी दोघी मुलींनी पाटी उतरवली आणि गाडी आरंभरेषेवर नेली. या वेळी सोनम श्वाससुद्धा बेताने घेत होती. आकडा आला दोनशे चौदा. दोघी भर रस्त्यात फुगडी खेळल्या. आइनोला फुगडी येत नव्हती, तरी खेळली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मात्र अकराशे त्रेचाळीसच छापून आले. दौंडपासून लोक गाडी पाहायला आले, दर मोटारीत एक माणूस. सोनम प्रत्येकाला खरा आकडा सांगे.

"दोनशे चौदाच व्हय?" म्हणून लोक हळहळत आपापल्या, लिटरला बारा देणाऱ्या मोटारींत बसून परत जात.

वाचकहो, त्यांना हसू नका. दोनशे चौदा वाचताना तुमचाही चेहरा किंचित उतरला होता.