बरणीतली वीज

माझ्या व्याह्यांनी माझी लोणच्याची बरणी मागून नेली आणि तिच्यात वीज भरली.

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मलाही वाटलं होतं. मी चौथीपर्यंत शिकले. वीज तारेतून येते आणि बहुतेक वेळा येत नाही, एवढंच मला ठाऊक. बरणीत कैरी मुरते, मिरची मुरते. “वीज पण मुरती, ईनबाई,” व्याही म्हणाले. “फकस्त बरणी कोरडी पायजे.”

व्याही म्हणजे माझ्या लताचे सासरे, किसनराव. जाफराबादहून राजूरला जाताना आमचं गाव लागतं. लेक मी गावातल्या गावातच दिली. गल्लीच्या या तोंडाला माझं घर, त्या तोंडाला तिचं. लेक जवळ असली की सुख असतं असं बाया म्हणतात. त्यांच्या बरण्या अजून घरात असतील.

किसनरावांचा जन्म मेंढरांमागे गेला. मग लताची सासू वारली, चराईला रान उरलं नाही, त्यांनी मेंढरं विकली. आता माणसाने देवळात बसावं, पत्ते कुटावेत. यांनी मोबाइल घेतला. त्यात कुणी हिंदीत बोलणारा माणूस घरच्या घरी कंडेन्सर बनवायचा. यांनी तेच मनावर घेतलं.

“पंख्यात कंडेन्सर असतो का न्हाई? त्यो गेला की पंखा नुसता गुरगुरतो,” त्यांनी मला समजावलं. “ही बरणी म्हंजे त्या कंडेन्सरचा आजा.”

“नातू बाजारात भेटून राह्यला, मंग आजाला कशाला उकरता?”

“चूक कुठं झाली सांगू का तुमची?”

हे त्यांचं रोजचं वाक्य. मोटारसायकलवरून पडलेल्या पोराला उचलायच्या आधी ते हे वाक्य म्हणतात. एसटीच्या ड्रायव्हरला म्हणतात. एकदा मयतीला गेले आणि सरपण रचणाऱ्यांना म्हणाले. लताच्या लग्नात मी हात जोडून उभी होते, तर जेवण झाल्यावर मला म्हणाले, “ईनबाई, चूक कुठं झाली सांगू का? वरण आधी वाढलं.” खरं सांगायचं तर वरण आधीच वाढलं होतं. पण म्हणून बोलायचं असतं का?

बरणीला आतून आणि बाहेरून चांदी चिकटवायची होती. चांदी म्हणजे पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद. आमच्या गावात तो कोण विकत घेतो? व्याही लग्नाच्या मांडवांमागे फिरून टाकलेले कागद गोळा करायचे, धुवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. झाकणाला भोक पाडून त्यांनी त्यात मोठा खिळा बसवला. खिळ्याला आतून साखळी लावली, ती बरणीच्या तळाला टेकली. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला प्लास्टिकचा पाइप आणि घोंगडी घेऊन ओसरीवर बसले. पाइप घोंगडीवर घासायचा आणि खिळ्याला लावायचा, परत घासायचा आणि लावायचा. घोंगडी त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची. अर्धा दिवस हेच चाललेलं.

येणारा-जाणारा विचारायचा, “आबा, काय करून राह्यले?”

“वीज भरून राह्यलो.”

पुढचं कुणी विचारत नसे.

एका सकाळी लताच्या मांजराने खिळा हुंगला. ते उडी मारून पत्र्यावर गेलं ते गेलंच. दुसऱ्याच्या घरी राहतं आता. सगळी गल्ली हसली, पण व्याही खूश झाले. मांजराला पटलं म्हणाले.

माणसांना मात्र पटेना. माझे जावई सुभाषराव जाफराबाद-राजूर काळीपिवळी जीप चालवतात. दिवसभर प्रवाशांशी भांडून आलेल्या माणसाला घरात चांदीचे कागद वाळताना बघून बरं कसं वाटेल? शिवाय त्यांनी इन्व्हर्टर घेतला होता आणि तो ठेवायला ओसरीचा तोच कोपरा हवा होता.

“दादा,” ते बापाला म्हणाले, “वीज साठवायला मी मशीन आणलंय. हे सारं उचला.”

“तुझं मशीन इकत घेतलेलं. हे मी केलेलं हाय.”

“पण याचा उपयोग काय?”

“धा माणसं हातात हात धरून हुबी कर. एकदम धाही उडवतो.”

जावई म्हणाले, “ठीकाय. रविवारी सगळ्यांसमोर करून दाखवा. झालं तर कोपरा तुमचा. न्हाई झालं तर सोमवारी भंगारवाल्याला देऊन टाकतो. बरणी, पाइप, बिलकुल सारं.”

“घोंगडी?”

“घोंगडी राहू द्या.”

रविवारी मी लताकडे पोळ्या लाटत होते. अंगणात माणसं जमली. थंडीचे दिवस, ओठ फुटतील अशी कोरडी हवा. व्याही नवरदेवासारखे पटका बांधून उभे. “कुणी चपला काढू न्हाई. वीज जमिनीतून पळंल,” असं ओरडत होते. त्यांनी बरणी चांगली भरून ठेवली होती. बाहेरून चांदीला धरून ती सुभाषरावांच्या हातात दिली. त्यांच्या पुढे पुरुष, मग बाया, आणि शेवटी लता. लताने खिळ्याला बोट लावायचं, म्हणजे गोल पुरा होणार होता.

पुरुषांच्या शेवटाला व्याही उभे राहिले. बायांची सुरुवात करायला मला आतून हाक मारली. मी आले, आणि आल्यावर कळलं की माझा हात व्याह्यांच्या हातात द्यायचा आहे.

विहिणीने व्याह्याचा हात धरायचा? सगळ्या गल्लीसमोर? मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. हातात लाटणं होतं, तेच पुढे केलं.

“धरा, पाव्हणं.”

त्यांनी लाटण्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग लाटण्याचं दुसरं टोक धरलं.

लताने डोळे मिटून खिळ्याला बोट लावलं. काही नाही. परत लावलं. काही नाही. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले.

“आबा, मीटर बंद पडलं काय?”

“बिल भरलं न्हाई वाटतं!”

मी वाट बघत होते, आता म्हणतील चूक कुठं झाली ते. व्याही म्हणाले, “हवा सर्द झाली असंल.” मग सुभाषरावांच्या हातातली बरणी घेऊन कोपऱ्यात ठेवली आणि पटका सोडला.

मी परत पोळ्या लाटायला बसले. तीन पोळ्या झाल्या आणि चौथीला हात थांबला. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला चिकटलेल्या माणसाला आपण काय मारतो? लाकूड मारतो. हे आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्या वेळी मात्र एकालाही आठवलं नव्हतं.

एकाला आठवलं होतं.

मी तवा उतरवून ओसरीवर गेले. व्याही बरणीची चांदी सोलायला बसले होते, बरणी धुऊन मला परत द्यायची म्हणून.

“पाव्हणं, लाकडातून वीज जाती का?”

ते चांदीच सोलत राहिले.

“तुमाला तवाच कळ्ळं व्हतं.”

“व्हतं.”

“मंग बोल्ले का न्हाई? मयतीत चुका काढता, अन् आज तोंडात काय व्हतं?”

“चारचौघांत ईनबाईला कसं म्हणावं, हात द्या म्हणून? लोकं तुमाला हसले असते. सूनबाईला खाली बघाय लागलं असतं.” त्यांनी अजून थोडी चांदी सोलली. “मला तर हसतेतच.”

मला रडबिड येत नाही. मला राग आला. मी अंगणात जाऊन ओरडले, “सुभाषराव! लता! बोलवा सगळ्यांना. कुणी घरी जायचं न्हाई.”

“आता काय झालं, मामी?”

“चूक माझी झाली. लाटणं लाकडाचं व्हतं.”

मग सुभाषरावांनीच कपाळावर हात मारला आणि माणसांना हाका मारत सुटले. व्याह्यांनी सोललेली चांदी थुंकी लावून परत चिकटवली आणि पाइप घासायला बसले. बरणी भरली. आम्ही परत गोल केला. या वेळी मी पदरबिदर ओढला नाही. सरळ हात पुढे केला.

त्यांनी हात दिला, पण तो धरेना. नुसता माझ्या तळव्यावर ठेवला, उसना दिल्यासारखा. तळवा दगडासारखा खरबरीत होता. ते तिसरीकडेच बघत होते. शेवटी मीच घट्ट धरला.

लताने बोट लावलं.

आई आई गं! खांद्यापर्यंत कुणी काठी मारल्यासारखं झालं. सगळे एकदम ओरडले, एकदम उडाले. सुभाषराव तर असे ओरडले की रस्त्यावरची जीप थांबली. मग अंगणात जो हशा झाला, तसा त्या घरात सासू गेल्यापासून झाला नव्हता. जो तो आपला हात झटकत होता आणि दुसऱ्याला दाखवत होता. “इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवतो, दादा,” सुभाषराव म्हणाले आणि खांदा चोळत बसले.

सगळ्यांनी हात सोडले होते. व्याह्यांनी माझा सोडला नव्हता. आता चांगला घट्ट धरला होता.

“पाव्हणं,” मी हळू म्हटलं, “वीज गेली.”

“गेली का?” ते म्हणाले, आणि बरणीकडे बघत राहिले.

लताने आमच्याकडे एकदा बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. माझा पदर घसरला होता. मी तो डाव्या हाताने सारखा केला.