दार न उघडणारी लक्झरी

दामूभाऊ भोईरांच्या लाल गाडीत बसायचं असेल तर आधी चपला खिडकीतून आत टाकायच्या, मग एक पाय घालायचा आणि उरलेलं शरीर देवावर सोडायचं. गाडीला दारं आहेत, पण नुसती रेघ मारून दाखवलेली. उघडत नाहीत.

दामूभाऊ आमच्या चिखलोलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांची फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायची शेड आहे. एकदा उल्हासनगरच्या एका भंगारवाल्या सिंधी साईंकडे त्यांना कुठल्याशा जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारच्या बॉडीचा साचा मिळाला आणि टाक्या मागे पडल्या. त्यांनी साच्यातून अखंड बॉडी काढली, शाळेच्या एका जुन्या व्हॅनचा पत्रा उतरवला आणि तिथं ती बसवली. व्हॅनचं इंजिन सीटखाली. त्यामुळे गाडी बाहेरून इटलीची आणि बसणाऱ्याच्या बुडाखाली तापलेला तवा.

"साधी नाय वहिनी, लक्झरी मॉडेल हाय," ते मला सांगतात. लक्झरी म्हणजे सीटना उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातलं सोफ्याचं लेदर, पुढे सागवानी फळी आणि एक चकचकीत अॅशट्रे. दामूभाऊ विडी ओढत नाहीत, म्हणून तिच्यात बडीशेप असते. तशी त्यांना लक्झरी कशातही दिसते. चहात वेलची पडली की लक्झरी, सुकटीवर लिंबू पिळलं की लक्झरी.

एक दार तरी कापा की, असं मी एकदा म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला. "दार कापला का बॉडीची लाइन मरते. इटलीवाला बघंल तर रडंल." चिखलोलीत कोण इटलीवाला येणार होता, हे मी विचारलं नाही.

मध्यंतरी माझी दाढ ठणकत होती आणि रिक्षा मिळेना, तेव्हा दामूभाऊंनी गाडी काढली. अंबरनाथच्या भर बाजारात, दाताच्या दवाखान्यासमोर, मी साडीत खिडकीतून बाहेर आले. म्हणजे अर्धी आले. पदर अडकला आणि बाकीची मी आतच राहिले. भाजीवाल्या हसल्या, कोणीतरी मोबाइल धरला. लाजेनं दाढ दुखायची थांबली. दामूभाऊ मात्र बाजूला उभं राहून गर्दीला लक्झरी मॉडेल समजावून सांगत होते.

त्यामुळे त्यांची मुलगी रेश्मा परवा माझ्याकडे आली, तेव्हा तिला मला फार समजावून सांगावं लागलं नाही. तिचं लग्न आठवड्यावर आलंय. नवरीला बदलापूरच्या हॉलवर याच गाडीतून नेणार, असं दामूभाऊ गावभर सांगून बसलेत. सासरचे ठाण्याचे, सगळे ऑफिसवाले.

"काकू, तुम्हीच सांगा ना पप्पांना. शालू नेसून मी खिडकीतून उतरू सगळ्यांसमोर? मला लाज वाटते त्यांची." मग ती थबकली. "गाडीची," म्हणाली, आणि रडायला लागली.

सांगते, म्हटलं. खरं तर मलाही बरंच वाटलं, कारण पाठराखीण म्हणून शेजारच्या सीटवर माझीच नेमणूक झाली होती.

संध्याकाळी शेडवर गेले. वाटेत वाक्य घोकलं होतं. गाडी चालू करून ठेवलेली, धडधडत होती. आणि तिचं डावं दार सताड उघडं होतं. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आतून मऊ मखमल लावलेली, खाली पाय ठेवायला छोटी पायरी.

"लाइन मेली," दामूभाऊ म्हणाले. "पन शालू अडकाया नको. तुमचा पदर बगितला व्हता ना मी."

इतकी लाज मला त्या दवाखान्यासमोरही वाटली नव्हती. काहीतरी करायचं म्हणून मी मखमलीवरून हात फिरवला, छान झालंय म्हटलं. ते दार हळूच लावत होते, परत उघडत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"रेश्मानं धाडलंय ना तुमाला?"

मी मखमलीवरचा हात काढून घेतला.

"माजीच पोर हाय वहिनी. तोंड बगून कलतं मना." थोडा वेळ ते दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "तिला सांगा, गाडी चालूच व्हत नाय. बापाला 'नाय' बोलली असं तिच्या मनाला लागाया नको."

मग ते पलीकडच्या बाजूला गेले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी इंजिन बंद केलं.