अखंड वंदनेसाठी जागेच्या अटी

“जाई, आधी मेणबत्ती, मग वंदना, मग चहा. क्रम बदलायचा नाही, अन् खंड पडू द्यायचा नाही,” असं जाईबाईंचे यजमान राजाराम नागपूरच्या दवाखान्यात शेवटचं म्हणाले होते. वीज मंडळात छत्तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस. खंड म्हणजे काय हे त्यांना नाही कळणार तर कुणाला? जाईबाईंनी मान हलवली आणि त्यांचा हात हातात घेतला. त्या गोष्टीला अकरा वर्षं आणि तीन महिने झाले. म्हणजे चार हजार एकशे आठ दिवस (यात तीन लीप वर्षं धरली आहेत, जाईबाई अशा बाबतीत कुणाला सवलत देत नाहीत, स्वतःला तर नाहीच).

अखंडपणा हीच कुठल्याही समाजाच्या प्रगतीची खरी कसोटी असते. माणूस मुळातच खंडित प्राणी आहे. तो झोपतो, रुसतो, त्याला सर्दी होते, तो सुटीवर जातो. तेव्हा अखंडपणाची जबाबदारी माणसाकडून काढून यंत्राकडे सोपवावी, हे सुज्ञपणाचंच लक्षण. अमेरिकेतल्या कॅरी गावात, जाईबाईंचा मुलगा अनुप याच्या घरी, हे हस्तांतरण यंदाच्या वसंतात रीतसर पार पडलं.

त्याचं झालं असं, की अमेरिकेतली एकशे चौदा कुटुंबं बुद्धपौर्णिमेची वंदना दर वर्षी ऑनलाइन एकत्र करतात. गेल्या वर्षी नोव्हाय गावच्या सोनलताई पंचशील देताना तिसऱ्या शीलावर अडकल्या त्या अडकल्याच. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, सात मिनिटं. चौथं शील कुणालाच ऐकू आलं नाही. (चौथं शील खोटं न बोलण्याचं. समितीने अहवालात ‘कार्यक्रम उत्तम झाला’ असं लिहिलं.) यंदा असा खंड पडता कामा नये, म्हणून तांत्रिक बाजू अनुपकडे आली. अनुप नेटवर्क इंजिनियर. त्याच्या कंपनीने नुकताच एक राउटर निवृत्त केला होता. चारशे माणसांच्या ऑफिसला नऊ वर्षं इंटरनेट पुरवलेला, लोखंडी मांडणीत बसवायचा, भारदस्त. अनुपने तो गाडीत मागच्या सीटवर झोपवून, पट्टा लावून, घरी आणला.

राउटरची उंची पाच यू. (यू हे या मंडळींचं माप. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. जाईबाई स्वतः चौतीस यूला थोड्या कमी भरतात.) वजन अडतीस किलो, म्हणजे जाईबाईंपेक्षा सहाने कमी. आवाज विमान निघायच्या तयारीत असावं तसा, पण निघत नाही. सोबत चौसष्ट पानांची पुस्तिका होती: ‘जागेची पूर्वतयारी’. अनुपने ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. पुढे तीन फूट मोकळी जागा हवी, मागे अडीच फूट, कारण यंत्र गरम हवा मागून सोडतं. तापमान पाच ते चाळीसच्या मधे, त्यातही बावीस उत्तम. हवेत दमटपणा असावा, पण दव धरू नये. धूळ नको, धूर नको, धक्का नको, ऊन नको. वीज दोन वेगवेगळ्या सर्किटांवरून यावी, एक गेली तर दुसरी. यंत्राला एकटं वाटू नये असं कुठे म्हटलेलं नव्हतं, पण एकूण रोख तोच होता.

“माणसापेक्षा याचेच लाड जास्त आहेत,” उपासना, म्हणजे जाईबाईंची सून, म्हणाली. ती औषधकंपनीत काम करते; असल्या पुस्तिका ती दिवसभर वाचते, घरी आल्यावर तिला नको असतात.

“लाड नाहीत ग, रिक्वायरमेंट आहे.”

“गराजमध्ये ठेव ना यार.”

“जुलैत गराज चाळीसच्या वर जातं.”

“मग तुझ्या ऑफिसरूममध्ये.”

“तिथे एकच सर्किट आहे. आणि मी काम कुठे करू?”

घराच्या चारही खोल्यांची छाननी झाली. शेवटी असं सिद्ध झालं, की सर्व अटी पूर्ण करणारी एकच खोली आहे. तळमजल्यावरची, उत्तरेच्या भिंतीची, दोन सर्किटांची. इंटरनेटची फायबर केबलसुद्धा तिथूनच आत येते. ही खोली जाईबाईंची होती. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वाटाणे सोलत होत्या.

“मला कुठेही चालतं रे,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य पुस्तिकेच्या चौसष्ट पानांत कुठेही छापलेलं नव्हतं.

अशा तऱ्हेने जाईबाई वरच्या मजल्यावर नात आन्या हिच्या खोलीत, दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर राहायला गेल्या. (पुढे तीन फूट मोकळे नव्हते, मागे भिंत होती. पण जाईबाई हवा मागून सोडत नसल्याने हरकत नव्हती.) त्यांचं टेबल, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटोही वर गेला. वर धूर ओळखणारी चार यंत्रं आहेत. पहिल्याच सकाळी जाईबाईंनी अगरबत्ती लावली, आणि अख्खं घर बोंबलायला लागलं. अनुप टॉवेलमध्ये धावत आला.

“आई, वर धूर नाही चालत!”

“आणि खाली?”

“खाली तर अजिबातच नाही!”

संध्याकाळी बॅटरीवर चालणारी मेणबत्ती आली. आन्याने ती कौतुकाने लावून दाखवली. “आजी, लुक! इट नेव्हर गोज आउट.”

“विझत नाही?”

“नेव्हर.”

“मग लावली कधी, हे कसं कळायचं गं?” जाईबाईंनी हळूच विचारलं. आन्याने थोडा विचार केला आणि म्हणाली, “देअर इज अ स्विच.”

यानंतर जाईबाईंनी खऱ्या मेणबत्तीसाठी जागेची स्वतंत्र पाहणी केली. मागच्या अंगणातला लाकडी ओटा छान होता, पण तिसऱ्या दिवशी वसाहतीच्या कार्यालयाचं पत्र आलं: ओट्यावर उघडी ज्योत मना आहे, ग्रिलचा अपवाद. (म्हणजे मांस भाजायला ज्योत चालते. ते न भाजता नुसतं शांत बसायचं असेल, तर नियमावलीकडे त्याचा रकाना नाही.) गराजमध्ये पाणी तापवायचा गॅस होता. शेवटी त्यांना स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याखाली जागा सापडली. फोटो मिठाच्या बरणीला टेकवायचा, मेणबत्ती शेगडीवर ठेवायची, पंखा दोनवर. ज्योत वर ओढली जाऊन लांबलचक व्हायची आणि जाईबाईंना आवाज चढवून त्रिसरण म्हणावं लागायचं. पण खंड पडला नाही. नंतर चहाला शेगडी समोरच, हीही एक सोय.

दरम्यान राउटर तळमजल्यावर बावीस अंशांवर सुखाने नांदत होता. त्याच्या खोलीला आता ‘मर्यादित प्रवेश’ होता: फक्त प्रशिक्षित व्यक्तींनी आत जावं. पण पुस्तिकेची आणखी एक अट होती. तापमान आणि दमटपणा यांची नोंद रोज दोनदा घ्यावी, न चुकता. अनुपने पहिले दोन दिवस घेतली, तिसऱ्या दिवशी मीटिंग होती. उपासनाने चौथ्या दिवशी घेतली आणि पाचव्या दिवशी अंदाजे लिहिली. मग सर्वांच्या लक्षात आलं, की या घरात रोज म्हणजे रोज काही करणारी व्यक्ती एकच आहे.

जाईबाई उमरेडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होत्या. लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघून रजिस्टरमध्ये लिहिणं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. इतर केंद्रांत शनिवारीच सोमवारचं तापमान लिहून ठेवायची पद्धत होती. जाईबाईंच्या रजिस्टरवर साहेब न बघता सही करायचे, तो त्यांचा सन्मान होता. अनुपने त्यांना दहा मिनिटांत प्रशिक्षित केलं. त्या वहीला रेघा मारून आल्या.

“आई, तू ग्रेट आहेस,” अनुप वही चाळत म्हणाला. “डेटा सेंटरमधली पोरं इतकं नीट लिहीत नाहीत.”

“पोराला ताप आला तर कळायला हवं ना,” जाईबाई म्हणाल्या. पोर म्हणजे राउटर. तशा त्या कोणाचा दुस्वास करत नाहीत.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी अनुपला एक गंभीर बाब आढळली. स्वयंपाकघरातला पंखा चालू झाला, की घरातली हवा बाहेर ओढली जाते, दाब कमी होतो, आणि राउटरच्या खोलीत दाराच्या फटीतून धूळ शिरते. त्याने ती एका कागदावर गोळा करून दाखवली. चिमूटभर होती, पण होती.

“आई, एक रिक्वेस्ट. पौर्णिमेच्या दिवशी तेवढा पंखा नको. आणि तशीही त्या दिवशी तू सकाळी वेगळी वंदना करू नकोस. दहाला सगळ्यांबरोबरच करू. एकशे चौदा घरं, आई! एकदम.”

जाईबाई एरवी साडेपाचला उठतात आणि सहाला चहा घेतात. “दहाला होईल ना पण नक्की?” त्यांनी विचारलं.

“नाइन्टी नाइन पॉइंट नाइन नाइन नाइन टक्के होईल,” अनुप म्हणाला. (पुस्तिकेत हा आकडा होता. वर्षाला सव्वापाच मिनिटं वजा जातात.)

पौर्णिमेला जाईबाई पांढरी साडी नेसून साडेपाचपासून तयार होत्या. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले. वंदनेआधी चहा नाही, त्यामुळे डोकं दुखायला लागलं. आन्याने दूध-सीरियल पुढे केलं, तेही त्यांनी नको म्हटलं.

पावणेदहाला सगळे वर, टेबलासमोर, लॅपटॉप उघडून बसले. कॅमेरा बुद्धमूर्तीवर, शेजारी बॅटरीची मेणबत्ती. पडद्यावर एकशे चौदा चौकोन भरले. प्रतिध्वनी येऊ नये म्हणून समितीने सर्वांचे आवाज बंद ठेवले होते. लोक घरच्या कपड्यांत असतात म्हणून बऱ्याच जणांनी आपण होऊन कॅमेरेही बंद ठेवले होते. दहाला एक सेकंदही इकडेतिकडे न होता प्रक्षेपण सुरू झालं.

काही ऐकू आलं नाही. जाईबाईंनी हात जोडले आणि बोलायला तोंड उघडलं. अनुपने ओठांवर बोट ठेवलं.

“आई, थांब. आता तिकडून सुरू होईल.”

“कुठून?”

“तिकडून.”

नोव्हायमध्ये सोनलताईही, कॅरीकडून सुरू होईल, म्हणून हात जोडून बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्या अडकल्या असल्याने यंदा कोणी तरी दुसरं घेईल, असं त्यांनी धरलं होतं. अर्विंग गावचा परीक्षित समितीचा सचिव. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत राउटर, बॅकअप वीज, लिंक, पासवर्ड, स्वागत आणि आभार यांच्यापुढे नावं होती. ‘वंदना’ यापुढे काही नव्हतं, कारण वंदना तर होतेच.

अशी बावीस मिनिटं गेली. एकदाही चित्र थांबलं नाही. शांतता अतिशय स्पष्ट ऐकू येत होती. मग पडद्याच्या कडेला संदेश यायला लागले: ‘जय भीम, फार प्रसन्न वाटलं.’ ‘यंदा ध्यानावर भर दिला ते छान केलंत.’ ‘ऑडिओ एकदम क्लिअर!’ एकशे सहा अंगठे वर झाले.

परीक्षितचा फोन आला. “अनुपदादा, जय भीम! काय काम केलंय राव तुम्ही. एक फ्रेम अडकली नाही.”

“थँक्स रे. घेत कोण होतं पण?”

“तुम्हीच ना?”

“नाही, मला वाटलं सोनलताई…”

परीक्षितने कार्यक्रमपत्रिका पुन्हा चाळली. मग परीक्षित म्हणाला, “अहवालात ‘मौन वंदना’ लिहू. लोकांना आवडलंय.” खंड: शून्य, असंही लिहायचं ठरलं.

उपासनाने मागे वळून पाहिलं. “आई, चहा टाकू ना आता तुमचा?”

पण जाईबाई तिथे नव्हत्या. त्या खाली गेल्या होत्या. अकरा वाजत आले होते आणि सकाळची नोंद राहिली होती. बावीस अंश. दमटपणा चव्वेचाळीस. दिवे सगळे हिरवे. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी एकतीस वर्षं खोटं लिहिलं नव्हतं, म्हणून आजही लिहिलं नाही: ‘पाठवण्याजोगं काही आलं नाही.’

त्या एकशे चौदा चौकोनांची यादी समितीकडे आहे. वाचकांनी हसून झाल्यावर तीत आपलं नाव पाहून घ्यावं. सापडलं तरी संकोच नको. कॅमेरा बंद होता, आवाज बंद होता, आणि आपला अंगठा वर होता.

जाईबाईंनी पेटीतून खरी मेणबत्ती काढली, काडेपेटी पदरात बांधली, बाबासाहेबांचा लहान फोटो पिशवीत ठेवला. वसाहतीच्या पाटीपलीकडे तळ्याकाठी एक सपाट दगड आहे. तिथवर नियमावली पोचत नाही, हे त्यांनी परवा फिरताना बघून ठेवलं होतं. दारात आन्या भेटली.

“आजी, व्हेअर आर यू गोइंग?”

“चहाच्या आधीचं काम राहिलंय, बाळा,” जाईबाई म्हणाल्या. त्यांनी पांढऱ्या साडीखाली कॅनव्हासचे बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या आणि आत आवाज जाऊ नये म्हणून दार अगदी हळू ओढून घेतलं.