बिनमोटारींची वाट

शुक्रवारी सकाळी शिरीष खांबेटे बूट हातात आणि सायकल खांद्यावर घेऊन स्वतःच्याच जिन्यावरून चोरासारखे उतरत होते. चोराला निदान परत वर चढायचं नसतं. शिरीषरावांना उन्हं तापायच्या आत तीच सायकल घेऊन वर यायचं होतं, आणि तोपर्यंत कॉलनी जागी झालेली असायची.

सायकलीत लपवण्यासारखं तसं काही नव्हतं. पण त्या दिवसांत सौदी अरेबियातल्या जुबैलमधल्या प्रत्येक परदेशी इंजिनियरने एकच कला जोपासली होती, ती म्हणजे कुणाच्या नजरेत न येणं. सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. पुरेसे सौदी नोकरीला असले की कंपनी हिरवी, कमी पडले की पिवळी, फारच कमी पडले की लाल. लाल कंपनीतल्या माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा होत नसे. शिरीषरावांची कंपनी पिवळी होती, आणि कावीळ झालेल्याने तळण टाळावं तसे तिथले सगळे रजा टाळत होते. रजेवर गेलेल्याची खुर्ची रिकामी दिसते, आणि रिकामी खुर्ची पाहिली की वरच्यांना कल्पना सुचतात. शिरीषरावांना अजून एक वर्ष काढायचं होतं. मुलगी नूपुर अकरावीत होती. तिची बारावी होईपर्यंत नोकरी टिकली की गंगेत घोडं न्हालं.

आणि नेमका अशा वेळी नाशिकहून चारुदत्तचा फोन आला होता.

"शिऱ्या, फ्रान्स! जुनी रेल्वेलाइन उखडून तिथे खडीची वाट केलीय. शेतांमधून, कालव्याच्या काठाने. मोटारींना बंदी! आठवडाभर हॉर्न ऐकू येणार नाही. कॉलेजातले आपण सगळे सायकलवर. तुझं नाव टाकलंय."

रोज दोन टँकरांच्या मधून जीव मुठीत धरून प्लांटला जाणाऱ्या माणसाला असं काही ऐकवू नये. शिरीषरावांनी फोनवरच मान डोलावली. मग त्यांना स्वस्थता म्हणून राहिली नाही. रजा कशी मागायची, कधी मागायची, आणि पद्मजाला काय सांगायचं? लग्नापासून युरोपवर तिचा पहिला हक्क होता. म्हणून सायकल घरात आली ती "डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलीय" या सबबीवर, आणि खडीचा सराव सुरू झाला तो कॉलनीच्या मागे, पाइपलाइनच्या कडेकडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. तिथे कुणीच येत नसे.

त्या शुक्रवारी जमालुद्दीन आला.

जमालुद्दीन मूळचा दापोलीकडचा. जुबैलमध्ये त्याचं जुन्या सामानाचं दुकान होतं. नोकरी संपून कायमचं मायदेशी निघालेल्या कुटुंबाचं फ्रीज-सोफा-पलंग तो घेई आणि नव्याने आलेल्यांना देई. कुणाची नोकरी चाललीय हे कंपनीच्या आधी त्याला कळे, कारण जाणारा माणूस सगळ्यात आधी मोटार विकतो. समोरून धुळीने माखलेला, धापा टाकणारा इंजिनियर सायकलवर येताना पाहून त्याने पिकअप थांबवली. जुबैलमध्ये सायकल चालवतो तो बागेचा माळी किंवा किराणा पोचवणारा. इंजिनियर नव्हे.

"साहेब, सायकलवर? गाडी खय हाय?"

"गाडी... गॅरेजला दिलीय."

"काल तर बिल्डिंगखाली बघितली मी."

"काल रात्री दिली."

"गुरुवारी रात्री? गॅरेज बंद असतात."

शिरीषराव वाकून सायकलची चेन तपासू लागले. जमालुद्दीनने हळहळून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलो साहेब. कुणाला बोलनार नाय."

आणि त्याने शब्द पाळला. बायको रुकय्या सोडून कुणाला सांगितलं नाही.

रविवारी रुकय्या सांदणांचा डबा घेऊन पद्मजाकडे हजर झाली. चहा होईपर्यंत तिने वॉशिंग मशीनचं झाकण दोनदा उघडून पाहिलं.

"वैनी, किती वर्सं झाली याला?"

"चारेक. पण अजून आवाज नाही हो करत!" पद्मजाला आपल्या वस्तूंचं कौतुक केलेलं फार आवडे.

"आनि फ्रीज?"

"फ्रीज तर विचारूच नका. बर्फ कसा खडखडीत होतो."

"कुनी मागितला नाय ना अजून?"

"कुणी कशाला मागेल?"

रुकय्याने पदर सावरला, आवाज खाली आणला. "पयला हक्क आमचा हां वैनी. आनि तुमी बिलकूल फिकीर करू नका. आमच्या भावजींची पन अशीच गेली. आता खेडला चिकन सेंटर टाकलाय, मस्त चाललाय."

संध्याकाळी शिरीषराव घरात आले तेव्हा पद्मजा मशीनवर हात ठेवून उभी होती.

"नोकरी गेली?"

"कुणाची?"

"तुमची! मला जगाकडून कळायचं? चिकन सेंटर काढणार आहात का तुम्ही?"

"अगं, नोकरी शाबूत आहे."

"मग ही सायकल? खरं सांगा. गुडघ्याचं सांगू नका, दोन्ही गुडघ्यांना काही झालेलं नाही."

आतल्या खोलीतून नूपुर म्हणाली, "डॅड, जस्ट टेल हर." तिला सगळं माहीत होतं, कारण फ्रान्सची वाट तिच्याच लॅपटॉपवर पाहिली गेली होती.

शिरीषरावांनी सांगितलं. पद्मजाने शांतपणे ऐकून घेतलं, हे लक्षण वाईट.

"म्हणजे फ्रान्सला. चारुदत्तबरोबर. आणि मी?"

"तुला खडीवरून सायकल कुठे चालवता येते?"

"नोकरी गेली असती," पद्मजा म्हणाली, "तर मी समजून घेतलं असतं."

रुकय्याकडून बातमी पसरत गेली आणि सोमवारी ऑफिसात सगळे विलक्षण प्रेमाने वागायला लागले. ज्याने स्टेपलर कधी उसना दिला नव्हता त्याने खजूर आणून दिले. दुपारी मॅनेजर कुमारांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चहा स्वतःच्या हाताने ओतला. कुमार चेन्नईचे. त्यांचं हिंदी भावना अनावर झाल्यावरच बाहेर पडे.

"शिरीष भाई, बहुत बडा दिल है आपका. ऊपरसे बोला था, महीना खतम होने तक एक नाम दो. मैं किसका नाम देता? रात को नींद नहीं आती थी. फिर सुना, आप खुदही जा रहे हैं."

"सर, मैं कहीं नहीं जा रहा."

"हाँ हाँ. सब ऐसाही बोलते हैं." कुमारांचे डोळे भरून आले. "गुरुवार को सेंड-ऑफ रखा है. उसके बाद नाम भेजेगा. इज्जत से."

आता पंचाईत अशी की सायकलीचं खरं कारण सांगावं तर रजेचं सांगावं लागणार, आणि रजा मागणाऱ्याचंच नाव आपसूक वर पाठवलं जाणार. सांगितलं तरी जाणार, न सांगितलं तरी जाणार. शिरीषरावांनी तीन दिवस येरझाऱ्या घातल्या. ते जेवढे अस्वस्थ दिसत तेवढी लोकांची खात्री पटे. बिचारा मनाला लावून घेतोय, असं म्हणून एकाने त्यांना जुनी सूटकेस भेट दिली.

गुरुवारी कॅन्टीनच्या हॉलमध्ये शाल आली, मोठा केक आला, जमालुद्दीन भाड्याच्या खुर्च्या घेऊन आला आणि काय होतं ते बघायला थांबला. भाषणं इतकी मनापासून झाली की शिरीषरावांना स्वतःविषयी आदर वाटू लागला. एक जण गेला की बाकीचे वाचणार होते, त्यामुळे कुणाच्याच कौतुकात खोट नव्हती. शेवटी कुमारांनी शाल उलगडली तेव्हा शिरीषराव ताडकन उठले आणि इंग्रजीत म्हणाले,

"मी जात नाही. मला फक्त रजा पाहिजे. फ्रान्समध्ये, मोटारी नाहीत तिथे सायकल चालवायला."

मग जमालुद्दीनने सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"फ्रान्समध्ये सायकल? कशावर?"

"खडीवर."

"पैशे तुमाला देनार?"

"नाही, मी देणार."

"खडी काय हितं कमी हाय, साहेब?"

लोक हसले. इतकी ढिसाळ थाप मारणाऱ्या माणसाची नोकरी गेलीच असली पाहिजे, याबद्दल आता कुणाला शंका उरली नाही. हसला नाही तो एकटा फहाद.

फहाद हा शिरीषरावांच्या हाताखाली शिकायला ठेवलेला तरुण सौदी इंजिनियर. शिकून तो त्यांच्याच खुर्चीत बसणार हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे शिरीषराव सावकाश शिकवत, आणि फहाद त्याहून सावकाश शिकत असे. शिरीषरावांना तो 'मुहंदिस', म्हणजे इंजिनियर, म्हणे. तो उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "मुहंदिस शिरीष, मोटारीच नाहीत? एकही नाही?"

"एकही नाही."

"माझ्याकडे पण सायकल आहे. रात्री हायवेच्या कडेने चालवतो, ट्रकवाले शिव्या देतात. इंजिनियर मला कधीच व्हायचं नव्हतं. बाबांनी घातलं. आणि तू या वयात सायकलीसाठी नोकरी सोडतोस!"

"अरे, सोडत नाहीये मी!"

पण फहादचं ऐकून झालं होतं. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून केकशेजारी ठेवलं. "मी पण सोडली. खलास. मी तुझ्याबरोबर येतो. यल्ला, चल!"

कुमारांच्या हातातली शाल खाली पडली. अख्ख्या कंपनीत सौदी दोन. दुसरा, आकिब, नुकतंच लग्न झाल्यामुळे रियाधला दुसरी नोकरी शोधत होता. फहाद गेला की कंपनी पिवळ्यातून सरळ लालमध्ये, आणि मग एका नावावर कुणाचं भागणार नव्हतं. हॉलमधल्या प्रत्येकाने मनातल्या मनात आपलं सामान बांधून पाहिलं. जमालुद्दीनने हळूच हॉलभर नजर फिरवली, पण एवढे फ्रीज ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती.

"फहाद! माय सन!" कुमार धावले. "नो रिझाइन! टेक लीव्ह! पेड लीव्ह!"

"शिरीष येणार असेल तर."

"ही विल कम! इट इज हिज ड्यूटी!" कुमारांनी शिरीषरावांचा दंड धरला आणि कानात म्हणाले, "छुट्टी मंजूर. नाम कॅन्सल. लेकिन इसको वापस लेके आना. ये आया तो सब बचेंगे. नहीं आया, तो पहला नाम आपका."

शाल उरली होती, ती फहादला घातली.

पद्मजाने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीन रुकय्याला देऊन टाकलं. "मला युरोपला नेत नाही ना, मग युरोपचं मशीन घरी येऊ दे," ती म्हणाली. आलं. आवाज करतं.

आणि मग मे महिन्यात शिरीषराव खरोखर त्या वाटेवर होते. दोन्ही बाजूंना ओलं गवत, संथ कालवा, पलीकडे गायी, चाकाखाली बारीक खडीचा कुरकुर आवाज. मोटार औषधालाही नाही. चारुदत्त मंडळी मागे चीज खात रमतगमत येत होती. शिरीषरावांनी मात्र त्यातलं काहीएक पाहिलं नाही. ते सबंध वेळ फहादच्या मागच्या चाकाकडे बघत, दात-ओठ खात पायडल मारत होते. फहाद एखाद्या वळणाआड गेला की ते सीटवरून उठून उभ्याने पायडल मारत.

चौथ्या गावात फहाद थांबला. तिथे सायकल दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं, दारावर पाटी टांगलेली. त्याने फोन धरून पाटीचं भाषांतर केलं.

"मुहंदिस, हे विकायचंय."

"छप्पर गळत असेल."

"बघ ना, किती शांत आहे. मी इथेच राहिलो तर?"

"इथे खबूसची रोटी मिळत नाही. कबसाचा भात मिळत नाही. हिवाळ्यात बर्फ पडतो. बाबांना काय सांगशील?"

"बाबांना कळेल तेव्हा कळेल," असं म्हणून फहाद आत गेला आणि मालकिणीशी हातवारे करून बोलू लागला. ती हसली. तिने त्याला कॉफी दिली. शिरीषराव दाराशी एक पाय आत, एक पाय बाहेर असे घुटमळत राहिले. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सकाळपासून कुमारांचा हा तिसरा.

"फहाद कैसा है?"

शिरीषरावांनी आत पाहिलं. मालकीण त्याला दुकानाचा मागचा भाग दाखवत होती.

"बहुत खुश है, सर."

पलीकडे जुबैलमध्ये केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

"शिरीष भाई," कुमार म्हणाले, "इतना भी खुश मत रखो."