साडूच्या खात्यातला मामा

साहेब, माझ्या जिवंत मामाला तुम्ही खोटा ठरवलंत. कसा, ते सांगतो.

माणूस खरा की खोटा हे त्याच्याकडे बघून ठरवणं ही मागासलेली रीत. तुमच्या इस्पितळाने ती सोडली, उत्तम केलं. डायलिसिसची वेळ आधी खिडकीवर मिळायची, मग वेबसाइटवर पासवर्ड टाकून. पण रुग्ण पासवर्ड विसरतात (शंभरातले शंभर, उरलेल्यांनी तो कधी ठेवलाच नव्हता). म्हणून तुम्ही नवं बटण बसवलंत: फोटो टाकायच्या एका कंपनीतलं आपलं खातं दाखवा, आत या. तुम्ही कोण, ते कंपनी सांगेल. जिने मामाला जन्मात पाहिलं नाही, तिच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार कुठे मिळणार?

मामाचं तिथे खातं होतं. पण त्याच्या साडूने नवा विग घालून फोटो टाकला आणि मामाने खाली लिहिलं, "सरकलाय, सरळ कर." (किडन्या गेल्या, जीभ शाबूत.) साडूने तक्रार ठोकली, हा माणूस बनावट आहे. कंपनीने कसून चौकशी केली, म्हणजे केली नाही, आणि खातं बंद केलं. त्याबरोबर इस्पितळाचंही दार बंद.

मामा सुजलेले पाय ओढत तुमच्याकडे आला. त्याच्या दंडाची चाळण करणारी नर्सबाई हळूच म्हणाली, "मामा, मी ओळखते हो तुम्हाला. पण मला विचारतंय कोण?"

शेवटी मामी बहिणीकडे जाऊन रडली (तिच्या स्वतःच्या खात्यावर पलंग बायकांच्या वॉर्डात मिळत होता) आणि साडूच्या खात्यातून वेळ घेऊन आली. साडूची अट एकच, चारचौघांना दिसेल अशी माफी. मामाने मामीच्या खात्यावरून लिहिलं, "केस अस्सल आहेत." (मामाने लिहिलेल्यात एवढंच धादांत खोटं होतं. त्यावर कुणी तक्रार केली नाही.)

आता मामा तुमच्या पलंगावर साडूच्या नावाने झोपतो. पाणी बेताने प्या, असा मेसेज साडूला येतो आणि तो बिचारा घाबरून तहानलेला बसतो. परवा मामाचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं, तर फोन साडूच्या बायकोला गेला, की नवरा गंभीर आहे. नवरा समोर चहा पीत होता. तिने त्यालाच आडवा केला.

वाचकहो, हसा. पण तसलं बटण दाबताना 'मान्य आहे'च्या वर काय लिहिलं होतं, ते वाचलं होतंत? तुम्ही खरे आहात हे कुणाच्या मर्जीवर ठेवून आलात, तेवढं आठवा आणि मग हसा.

आणि साहेब, तुम्ही. उद्या त्या पलंगावर मामाचं बरंवाईट झालं, तर मयत कोण धरायचा? कुंकू कुणी पुसायचं, मामीने की तिच्या बहिणीने? उत्तर द्या.