केरबा अस्वलाचा लाल ठिपका

बसा पोरांनो, अंगावर येऊ नका. गोष्ट सांगतो, पण शेवट तुमी ओळखायचा. ओळखलात तर माझा उरलेला एक दात तुमचा. हालतोयच तसा बी. न्हाई ओळखला, तर माझी पाठ खाजवायची. कबूल? मंग ऐका.

एका जंगलात केरबा नावाचं म्हातारं अस्वल ऱ्हायचं. जंगलाच्या कडंला त्येचं मक्याचं शेत. मका दुधात आलेला. शेतात मचाण, मचाणावर केरबा, आन् केरबाच्या मांडीवर छऱ्याची बंदूक.

बंदूक आज्याची व्हती. नेम मातर केरबाचा सोताचा. उभ्या जन्मात त्येनं एकच बार काढला, त्यात बसल्या मचाणाचा पाय उडवला. ही गोष्ट तो सोताच चारचौघांत सांगायचा. म्हणायचा, "मचाण जागचं हाललं न्हाई म्हणून लागलं. हाललं असतं तर चुकलो असतो."

मका खरा राखायची त्येची बायको, हौसाक्का. दिवस कलला की ती तेलाचा रिकामा डबा बडवायची. डुकरं पळायची. बास.

यंदा हौसाक्कानं बजावलं व्हतं. "पोरगी बाळंतपणाला आलीया. घरात मका आला तर बरं. न्हाई आला, तर मी तिला घिऊन भावाकडं जाईन. तुमी बसा मचाण चाटत."

तेवढ्यात वडाखाली साळिंदरशेठनं दुकान मांडलं. त्यात एक नवी चीज. बंदुकीच्या नळीवर बसवायची काच. काचंत डोळा घातला की आत लाल ठिपका दिसतो. ठिपका ज्येच्यावर, छर्रा त्येच्यावर.

केरबाचा जीव खुळावला. त्येनं काचंला डोळा लावला.

"शेठ, ही फुटकी हाय. तीन ठिपकं दिसत्यात."

"नाना, एक डोळा झाका."

केरबानं झाकला. "आता तर कायच दिसंना."

"काचंवरचा झाकलाय तुमी. दुसरा झाका."

शेठनं समदा माल काढला. बारीक ठिपका, मोठा ठिपका. नळकांड्यातला, उघड्या चौकटीतला. बारीक लांबच्या नेमाला बरा, मोठा पटकन घावतो. केरबाला कायच ठरंना.

शेठ म्हणाला, "समदं घरी न्या. नीट पारखा. जी ठिवाल तिचं मका निघाल्यावर दोन पोती द्या."

केरबा वाटंनं इचार करत निघाला. आसली चीज घ्यायची तर जाणत्याला इचारून घ्यावी. आता बंदुकीतलं जाणतं कोण? बंदुकीम्होरं जलमभर कोण उभं ऱ्हायलंय?

त्येनं डुकरांना आवतण धाडलं.

डुकरांचा म्होरक्या तुळाजी. लई अदबीचा. त्येनं आल्या आल्या इचारलं, "नाना, बंदूक भरल्याली न्हाई न्हवं? पाव्हण्याम्होरं भरली बंदूक धरू नये, आसं आमचा आजा सांगायचा."

"खरं हाय," म्हणत केरबानं काडतुसं काढून फडक्यात बांधली.

"आता मी उभा ऱ्हातो, तुमी निवांत नेम बघा. तवर तोंड हालवलं तर चालंल का? मला रिकामं उभं ऱ्हावत न्हाई."

"हालवा की."

हौसाक्कानं डबा उचलला. केरबानं मचाणावरनंच हात केला. "आगं, ठिव तो. डुकरं हालली तर ठिपका कशावर धरू?"

"तुमाला ठिपका बघायचाय का मका?"

"जाणती मंडळी आल्यात. त्यांच्याम्होरं डबा बडवती व्हय?"

मंडळी खरीच जाणती. तुळाजी म्हणाला, "बारीक ठिपका उन्हात फिका पडतोय. उद्या ढगात बघू." ढगात म्हणाला, "आता भगभगतोय. परवा बघू." मंग म्हणाला, "माझ्या एकट्यावर बघून कसं कळंल? सासऱ्याला आणतो. त्येंचं अंग मोठं हाय." सासरा आला, सासू आली, सासूच्या माहेरची बी आली. समदी वळीनं उभी. समद्यांचं तोंड हालतंय.

केरबानं कुरकुर केली, "तुळाजी, मला अजून तीन ठिपकं दिसत्यात."

"मंग फायदाच की नाना. एका बारात आमी तिघं."

केरबाला पटलं. मला बी पटलं असतं. माझ्या डोस्क्यात बी तेवढाच उजेड हाय.

शेवटी एकदाचं ठरलं. मोठा ठिपका, उघडी चौकट. केरबानं काचंतनं बघितलं. तुळाजीच्या कपाळावर ठिपका मधोमध. आन् तुळाजीच्या मागं पार डोंगरापातुर समदं लख्ख.

"आरं, एवढं लांबचं दिसतंय. काच लई भारी."

मंग त्येनं काच बाजूला करून बघितलं. तरी बी डोंगर दिसत व्हता.

मधी मकाच न्हवता.

केरबानं फडक्याची गाठ सोडाय घेतली. काडतूस हाताला लागंस्तवर पाव्हणं ढेकर दिऊन वढ्यापल्याड गेलं.

केरबा डोस्कं धरून हसाय लागला. "हौसे, काच न्हवती तवा मचाण उडवलं. आता शेत उडवलं. बघ, नेम सुधारतोय."

हौसाक्का हसली न्हाई. तिनं डबा त्येच्याम्होरं ठिवला आन् पोरीचा हात धरून भावाकडं गेली.

मागनं शेठ आला. दोन पोती मागाय लागला.

"मका न्हाई शेठ. काच परत न्या."

"वापरल्याली काच कोण घेतंय नाना? ती बंदूक द्या."

आता केरबा मचाणावर नुसती काच घिऊन बसतो. डुकरं आली की कपाळावर ठिपका धरतो आन् तोंडानं "ठो" म्हणतो. डुकरं मनानं चांगली. म्हाताऱ्याचा मान म्हणून एखादं पडतं बी.

काय रं, ओळखला का कुणी? न्हाई न्हवं? मंग खाजवा. जरा वर. हां.

तात्पर्य: चीज घ्यायची तर जाणत्याला इचारून, पारखूनच घ्यावी. केरबानं तशीच घेतली, आन् तवापासनं त्येचा नेम एकदा बी चुकल्याला न्हाई. त्येला लागलं काय? एक शेत मका, एक बायको आन् एक बंदूक.