गोदाअक्कांच्या चीटीतलं विमान

दाराची बेल वाजली की सगळं जग विचारतं, "कोण?" आमच्या गोदाअक्का विचारायच्या, "कारण?"

दूधवाला असो, पोस्टमन असो, आधी दाराबाहेरून कारण द्यायचं, मग कडी निघायची. मी अकोल्याहून बंगळूरला मृदाशास्त्रात पीएच.डी. करायला आले आणि खोली मागायला त्यांच्या दाराशी उभी राहिले, तेव्हा मीही दिलं. "मातीवर संशोधन करायचंय." दार किलकिलं झालं. "मातीत काय शोधायचं राहिलंय गं अजून?" खोली मात्र दिली.

अक्का बंगळूरच्याच. पणजोबा कधीतरी इकडे आले आणि घरातल्या मराठीत कन्नड अशी मुरली, की "स्वल्प भात घे, सरी का?" (म्हणजे थोडा घे, ठीक ना?) हे त्यांना अस्सल मराठी वाटे. उलट माझंच बोलणं ऐकून त्या हसत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. त्यांचा सगळा जीव चीटीत.

चीटी म्हणजे आपली भिशी, फक्त हिच्यात लिलाव असतो. गल्लीतल्या बायका दरमहा पैसे टाकणार. गरजवंत बायका बोली लावणार. सगळ्यात कमी रकमेवर जी राजी होईल, तिला ती रक्कम. उरलेलं बाकीच्यांत वाटायचं. म्हणजे बोलीची चढाओढ जितकी जोरात, तितकी इतरांची चंगळ. अक्कांचा आणखी एक नियम होता: बोलीआधी सगळ्यांसमोर कारण सांगायचं. एकजण "घरगुती अडचण" म्हणून सुटायला बघत होती. अक्का म्हणाल्या, "अडचणीला नाव असतं. सांग." नणंदेच्या बांगड्या परस्पर गहाण टाकल्याचं बिचारीला भर सभेत ओकावं लागलं.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. त्या वर्षी हॉलंडमधल्या एका आंतरराष्ट्रीय मृदा परिषदेनं माझा निबंध स्वीकारला. मी तर हवेतच! राहण्याजेवणाचं ते बघणार होते. विमानाचं भाडं विद्यापीठ देणार होतं, पण कधी? मी जाऊन आल्यावर, तिकीट दाखवल्यावर. म्हणजे आधी विहीर पोहून पार करा, मग पाठीला डबा बांधू! माझे बाबा शाळामास्तर, नुकतंच ताईचं लग्न झालेलं. त्यांना मी विचारलंसुद्धा नाही. मुकाट्यानं "येणं जमत नाही" अशी तार करायला निघाले.

अक्का दारात आडव्या. "कुठं? कारण?"

मी सांगितलं आणि तिथंच रडले.

"रडायला काय झालं? रविवारी चीटी आहे. माझ्या जागी तू बस. आणि ती पँट नको, साडी नेस."

रविवारी चीटीतल्या पद्माक्का आधीच मांडी ठोकून बसल्या होत्या. त्यांना फ्रिज हवा होता आणि दोन महिने त्या त्यासाठी दबा धरून होत्या. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि "पृष्ठभागावरील कवचनिर्मिती" अशी सुरुवात केली. दोघीतिघींनी जांभया दिल्या.

अक्कांनी लिलावाच्या हातोडीऐवजी धरलेलं लाटणं आपटलं. "पापड सांग, पापड! मला सांगितलंस तसं."

मग मी सांगितलं. बंगळूरजवळच्या होसकोट्याकडची लाल माती पावसानंतर उन्हात सुकते आणि वरून पापडासारखी कडक होते. खाली रागीचा, म्हणजे आपल्या नाचणीचा, कोंब आलेला असतो, पण डोकं वर काढता येत नाही, आतल्या आत मरतो. नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला तर माती मऊ राहते. एवढंच मला तिकडे जाऊन सांगायचंय.

"अगंबाई, म्हणून माझ्या कुंडीत मेथी येत नाही होय!" एकजण ओरडली, आणि मग एकच गलका. कुणाला तुळस विचारायची, कुणाला कढीपत्ता.

अक्कांनी पुन्हा लाटणं उचललं. "हिला पूर्ण रक्कम हवी. कुणी कमी बोलणार?"

सगळ्या पद्माक्कांकडे बघत होत्या.

"माझ्याकडे काय बघता?" पद्माक्का फणकारल्या. "आजवर फ्रिजवाचून दूध नासलं का माझं? जाऊ दे पोरीला!"

लाटणं दणकन खाली आलं. त्या महिन्यात वाटणीला कुणालाच काही आलं नाही, तरी टाळ्या अशा वाजल्या की शेजारचा म्हातारा काठी घेऊन बघायला आला.

हॉलंडमध्ये मी भाषणात खिशातून खराखुरा पापड काढला. पिशवीत अक्कांनीच कोंबले होते. सगळ्यांना दाखवला आणि कट्कन मोडला. सभागृहात आधी हशा पिकला, मग लोक सरसावून ऐकायला लागले. विद्यार्थ्यांमधलं पहिलं बक्षीस मला!

बक्षीस मिळालेल्यांनी घरी एक फोन करावा, खर्च आमचा, असं संयोजक म्हणाले. अकोल्याला आमच्याकडे फोन नव्हता. असता तरी मी आधी बंगळूरचाच नंबर फिरवला असता. अक्कांच्या घरासमोरच्या किराणा दुकानाचा. दुकानदार हाका मारत धावला आणि अर्धी गल्ली फोनभोवती जमली.

"अक्का, मी सुमन! पहिली आले! फोनचा खर्चही इकडचेच लोक देताहेत!"

पलीकडे आरडाओरडा झाला, पद्माक्कांचा आवाज सगळ्यांत वर. त्यात अक्कांचा आवाज मला सापडेना.

"अक्का? ऐकू येतंय ना?"

"येतंय गं." आवाज भलताच बारीक होता. "कितीजणींना चीटी दिली मी. कुणाचं लग्न झालं, कुणाचं घर झालं. नेली ती नेली. पुढं काय झालं ते सांगायला आजवर कुणी मला फोन केला नाही."

तिकडे अक्कांनी नाक ओढलं आणि घसा साफ केला.

"फोनचं बिल तेच भरणार ना? सरी. मग विमानात बसलीस तिथपासून सांग."